कीर्द आणि खतावणी : वितरित प्रवाह-प्रक्रियेच्या पूर्वेतिहासाचा एक विचार

१. प्रास्ताविक

संगणकशास्त्राच्या अगदी अलीकडच्या शाखांपैकी 'वितरित प्रवाह-प्रक्रिया' ही एक होय. अनेक यंत्रांवर विखुरलेली, अखंड वाहत येणारी माहिती साठवून मग हिशेब करीत बसण्याऐवजी ती येत असतानाच तिच्यावर संस्कार करावयाचे, हे ह्या शाखेचे थोडक्यात स्वरूप आहे. त्यासाठी ज्या आज्ञावली-चौकटी निर्माण झाल्या, त्यांपैकी काफ्का, स्टॉर्म, स्पार्क आणि फ्लिंक ही नावे विद्यार्थ्यांच्या कानांवरून गेलेली असतात. ह्या चौकटींच्या भोवती जे रचनाबंध उभे राहिले त्यांनाही स्वतंत्र नावे आहेत. हे सर्व वाङ्मय २००४ नंतरचे असल्यामुळे ह्या विषयाला इतिहास नाही, असलाच तर तो कॅलिफोर्नियातील दोनचार कंपन्यांचा आहे, असा समज सहज होतो.

हा समज कितपत ग्राह्य आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखकाचे शिक्षण भाषाशास्त्राचे असल्याने त्याची वाट शब्दांवरून जाते. मराठीत 'कीर्द' आणि 'खतावणी' ही जी जोडी पिढ्यान् पिढ्या रूढ आहे, तिच्यात ह्या शाखेचा मध्यवर्ती प्रश्न जवळजवळ पूर्णपणे सामावलेला आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे. एक गोष्ट मात्र आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. साम्य म्हणजे वंशसंबंध नव्हे. पेशव्यांच्या दप्तरातून काफ्काचा जन्म झाला असे सुचविण्याचा हेतू नाही. एकाच अडचणीवर निरनिराळ्या काळी माणसांनी योजलेले उपाय शेजारी ठेवून पाहिल्यास त्या अडचणीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते, एवढाच येथे दावा आहे.

उदाहरणांसाठी शक्य तेथे गोंदिया जिल्ह्याचाच आधार घेतला आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. भाताचा व्यापार, रेल्वेचे जंक्शन आणि मालगुजारीचा वारसा ह्या तिन्हींमुळे नोंदवह्यांची येथे वाण नाही.

२. रोजकीर्द व खतावणी

गोंदियाच्या कोणत्याही जुन्या धान्यव्यापाऱ्याच्या पेढीवर दोन वह्या मुख्य असत. पहिली रोजकीर्द. जो व्यवहार ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने तो तीत उतरावयाचा. धानाची खरेदी, हमालीचा खर्च, उधारीची वसुली, सर्व एकापुढे एक. दुसरी खतावणी. तीत तेच व्यवहार खातेवार मांडावयाचे, म्हणजे अमुक आडत्याकडे किती येणे व अमुक गिरणीला किती देणे हे एका दृष्टिक्षेपात कळावे. 'रोज' हा फारसी शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. 'कीर्द' ह्या शब्दाचा संबंध 'करणे' ह्या अर्थाच्या फारसी धातूशी जोडतात. जुन्या मराठी कागदपत्रांत तो लागवडीखालील जमिनीसही लावलेला आढळतो. 'केलेले' ते कीर्द, असा अर्थ घेतला तर शब्दाची योग्यता ध्यानात येते. कीर्दीत घडलेल्या क्रिया असतात. खतावणीत त्या क्रियांमुळे उत्पन्न झालेली स्थिती असते.

ह्या दोहोंतील नाते एकमार्गी आहे, हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. कीर्द हाताशी असली आणि खतावणी जळाली, तर चार रात्री जागून नवी खतावणी तयार करता येते. याच्या उलट कीर्द जळाली व केवळ खातेबाकी उरली, तर बाकी किती हे कळते, ती कशी झाली हे कळत नाही. म्हणून वाद उपस्थित झाला की पंच प्रथम कीर्द मागतात.

पेशवाईत हीच व्यवस्था राज्यकारभाराच्या प्रमाणावर चालत होती. हुजूर दप्तरात रोजकीर्द, घडणी, खतावणी, ताळेबंद अशा कागदांची परंपरा होती. गणेश चिमणाजी वाड यांनी त्या दप्तरातून निवडून काढलेले रोजनिशीचे उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी खंडशः प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्या अनुषंगाने न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी निबंध लिहिला. अठराव्या शतकातील जमाबंदी, न्याय, शिक्षा, दानधर्म ह्यांविषयी जे बारकावे आपणांस आज ठाऊक आहेत, त्यांतील मोठा भाग ह्या दैनंदिन नोंदींमुळेच ठाऊक आहे. केवळ सालअखेरचे ताळेबंद राहिले असते तर आपला इतिहास बराच मुका झाला असता. ह्या मुद्द्याकडे शेवटी पुन्हा यावयाचे आहे.

युरोपातही हीच विभागणी आढळते. लूका पाचोली याने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात टिपणवही, रोजवही व खातेवही अशा तीन वह्यांचा क्रम सांगितला आहे. आपल्याकडील 'कच्ची वही' व 'पक्की वही' हा भेदही त्याच जातीचा आहे.

३. गोंदिया स्थानकाची नोंदवही

एका पेढीवर एकच मुनीम असतो. म्हणून व्यवहारांचा क्रम कोणता हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. दोन ठिकाणी दोन वह्या लिहिल्या जात असतील तर काय करावे? ह्याचे उत्तर पेढीत सापडत नाही. त्यासाठी रेल्वे स्थानकावर जावे लागते.

बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली स्थापन झाली. नागपूर-छत्तीसगड मीटरगेज मार्ग तिने ताब्यात घेऊन रुंद केला, आणि १८९१ पर्यंत तो आसनसोलला जोडला गेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारा अरुंद मार्ग गोंदियास येऊन मिळाला आणि गोंदिया हे जंक्शन झाले. अशा मार्गावर पूर्ण ब्लॉक पद्धतीने गाड्या चालवावयाच्या म्हणजे दोन स्थानकांमधील टापूत एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. गोंदियाच्या स्टेशनमास्तराला गाडी गंगाझरीकडे सोडावयाची असेल तर त्याने गंगाझरीकडून 'लाइन क्लिअर' मिळविली पाहिजे. दोघांनी एकमेकांस पाहिलेले नसते. मध्ये केवळ तार असते. तारेवरून गेलेला संदेश पोहोचला काय, तोच संदेश दोनदा तर मोजला गेला नाही ना, पूर्वीच्या गाडीचा होकार चुकून ह्या गाडीला तर लागू झाला नाही ना, ह्या शंका प्रत्येक वेळी उभ्या राहतात, आणि त्यांतील एकही चूक प्राणावर बेतू शकते.

ह्यावर रेल्वेने जे उपाय योजले ते मननीय आहेत. प्रत्येक स्थानकावर 'ट्रेन सिग्नल रजिस्टर' असते. संदेश दिल्याची व घेतल्याची वेळ तीत घडेल त्या क्रमाने शाईने लिहावयाची असते. महत्त्वाच्या संदेशाची पोच म्हणून 'प्रायव्हेट नंबर' दिला जातो. हे आकडे छापील तक्त्यातून क्रमाने घ्यावयाचे व वापरलेला आकडा खोडावयाचा असल्यामुळे जुनी पोच नव्या संदेशाला लावता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, नोंदवहीत खाडाखोड करून मजकूर नाहीसा करावयाचा नाही. चूक झालीच तर चुकीच्या शब्दांवर एकच रेघ अशी मारावयाची की मूळ मजकूर केव्हाही वाचता यावा, आणि वर दुरुस्ती लिहावयाची.

येथे कीर्दीला दोन नवे गुण प्राप्त झाले. एक, ती अपरिमार्ज्य झाली. जे लिहिले ते लिहिले. दुसरा, दोन कीर्दी परस्परांशी पोचेच्या आकड्याने बांधल्या गेल्या. अपघाताच्या चौकशीत दोन्ही स्थानकांच्या वह्या समोरासमोर ठेवतात तेव्हा वेळा एका मिनिटाने भिन्न निघाल्या तरी चालते. कोणता संदेश कोणत्या संदेशाच्या आधी गेला हे मात्र निर्विवादपणे ठरते. लेस्ली लँपोर्ट यांनी १९७८ साली वितरित यंत्रांमधील काल व क्रम ह्यांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला त्याचे मर्म हेच आहे. घड्याळे जुळली नाहीत तरी संदेश पाठविणे हे तो मिळण्याच्या आधीचे असते, आणि ह्या एका निश्चित गोष्टीवरून पुष्कळसा क्रम बांधता येतो.

४. फेरफार आणि काळाचे दोन अर्थ

तिसरा प्रश्न उशिराचा. घटना घडते एका दिवशी आणि तिची वर्दी येते दुसऱ्या दिवशी. मग हिशेब केव्हा पुरा झाला म्हणावयाचे?

ह्याचे उत्तम उदाहरण तलाठ्याच्या दप्तरात मिळते. हा भाग १९५६ साली मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही अमलात आल्यावर राज्यातील गावनमुन्यांची पद्धती येथेही स्थिरावली. त्यात सहाव्या क्रमांकाचा नमुना म्हणजे फेरफार नोंदवही आणि सात व बारा मिळून सर्वपरिचित सातबारा. वारसा, खरेदी, गहाण, वाटप अशी प्रत्येक घटना आधी फेरफार नोंदवहीत अनुक्रमांकाने चढते. हितसंबंधीयांस नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत राहते. हरकत आल्यास तक्रारीची नोंद वेगळ्या नोंदवहीत होते. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यानंतरच तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो, आणि तेथेही फेरफाराचा क्रमांक राखला जातो. म्हणजे सातबारा ही खतावणी व फेरफार ही कीर्द होय. कोणत्याही जाणत्या वकिलाला विचारावे. तो सातबाऱ्यावर थांबत नाही, जुने फेरफार काढून आणावयास सांगतो.

येथे खरेदीखताची तारीख, नोंदीची तारीख आणि प्रमाणनाची तारीख अशा तीन तारखा आहेत. प्रवाह-प्रक्रियेत ह्यांनाच घटनाकाल व प्रक्रियाकाल म्हणतात. पंधरा दिवसांची मुदत म्हणजे 'ह्यापेक्षा उशिरा येणाऱ्याची वाट पाहणार नाही' अशी रेषा होय. गूगल कंपनीच्या अभियंत्यांनी २०१३ व २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ह्या रेषेला पाणरेषेचे नाव दिले आहे. ही रेषा लवकर आखली तर निर्णय शीघ्र लागतो, पण परगावी असलेल्या वारसाचा हक्क बुडण्याचा संभव राहतो. उशिरा आखली तर न्याय होतो, पण काम तुंबते. यंत्राने हा पेच सोडविलेला नाही. तो कोठे आहे हे त्याने स्पष्ट केले, एवढेच.

५. २००४ ते २०१७

आता प्रत्यक्ष विषयाकडे वळू. २००४ साली गूगलमधून 'मॅप-रिड्यूस' पद्धतीचा निबंध बाहेर आला आणि त्याच्या आधारे हडूप ही खुली प्रणाली उभी राहिली. ही गठ्ठ्याची पद्धत होती. दिवसभराची माहिती साठवावयाची व रात्री तिच्यावर हिशेब चालवावयाचा. सकाळी मिळणारे उत्तर बिनचूक असे, परंतु ते कालचे असे.

लिंक्डइन कंपनीत ह्याच सुमारास वेगळी अडचण निर्माण झाली होती. माहिती उत्पन्न करणाऱ्या व वापरणाऱ्या प्रणाली इतक्या वाढल्या होत्या की प्रत्येकीला प्रत्येकीशी जोडणे अशक्य झाले. जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी त्यावर काफ्का रचले. तिघांचा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी प्रणाली सर्वांस खुली करण्यात आली. ह्यांतील नेहा नारखेडे पुण्याच्या. तेथील पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीत पदवीचे शिक्षण घेऊन त्या अमेरिकेत जॉर्जिया टेक येथे गेल्या. काफ्काच्या आधारावर २०१४ साली स्थापन झालेल्या कॉन्फ्लुएंट कंपनीच्या संस्थापकांतही ह्या तिघांची नावे आहेत. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही गोष्ट अभिमानाची खरी, पण येथे ती व्यक्तीपेक्षा कल्पनेसाठी सांगितली आहे.

ती कल्पना अशी. मध्यभागी एक कीर्द ठेवावयाची. ज्याला काही सांगावयाचे असेल त्याने तिच्या शेवटी नोंद करावी. ज्याला वाचावयाचे असेल त्याने आपण कोणत्या अनुक्रमांकापर्यंत वाचले एवढे लक्षात ठेवावे. लिहिणाऱ्याला वाचणारा कोण हे ठाऊक असण्याचे कारण नाही. एक वाचक मंद असला तरी दुसऱ्याचे अडत नाही. नोंद एकदा झाली की बदलत नाही. कीर्द एका यंत्रावर मावेनाशी झाली म्हणजे तिचे विभाग करून ते अनेक यंत्रांवर ठेवतात, आणि प्रत्येक विभागाच्या प्रती अन्यत्र राखतात. मात्र क्रमाची हमी एका विभागापुरतीच असते. दोन विभागांतील नोंदींत आधी कोणती हे काफ्का सांगत नाही. गोंदिया व गंगाझरी येथील वह्यांची जी मर्यादा, तीच ही.

कीर्दीवरून खतावणी करण्याचे काम इतर चौकटींकडे आले. नेथन मार्झ यांची स्टॉर्म २०११ साली ट्विटरकडून खुली झाली. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाशी संबंधित स्ट्रॅटोस्फीअर प्रकल्पातून फ्लिंक जन्मली. हा जर्मन शब्द 'चपळ' ह्या अर्थाचा आहे. फ्लिंकमधील एक युक्ती सांगण्यासारखी आहे. नागपूर ते दुर्ग मार्गावर ह्या क्षणी एकूण किती वाघिणी आहेत, हे वाहतूक न थांबविता कसे मोजावे? एका स्थानकावर मोजणी होईपर्यंत वाघीण पुढच्या स्थानकावर जाते आणि दोनदा मोजली जाते. मद्रासच्या आय. आय. टी.चे पदवीधर मणी चंडी आणि लँपोर्ट यांनी १९८५ साली ह्या प्रश्नाचे उत्तर दिले. एक खुणेचा संदेश प्रवाहाबरोबरच सोडावयाचा. तो ज्या क्षणी पोहोचेल त्या क्षणी प्रत्येक ठाण्याने आपली स्थिती टिपून ठेवावयाची व खूण पुढे द्यावयाची. खुणेच्या अलीकडचे व पलीकडचे ह्यांचा घोटाळा होत नाही. फ्लिंकने ही रीत आपल्या गरजेनुसार स्वीकारली. यंत्र मोडल्यास शेवटच्या टिपणापासून कीर्द पुन्हा वाचावयाची, म्हणजे हिशेबात एकही नोंद गळत नाही वा दोनदा धरली जात नाही. काफ्कामध्येही २०१७ पासून प्रत्येक नोंद एकदाच हिशेबात येण्याची सोय झाली.

६. कच्ची वही, पक्की वही

रचनाबंधांचा वाद ह्या पार्श्वभूमीवर सहज समजतो. मार्झ यांनी पुरस्कारिलेल्या 'लँब्डा' रचनेत दोन हिशेब समांतर चालतात. प्रवाहावरून झटपट केलेला अंदाजी हिशेब हाताशी असतो. मागाहून गठ्ठ्याचा सावकाश व बिनचूक हिशेब येऊन त्याची जागा घेतो. आपली कच्ची व पक्की वही ती हीच. तिचा दोष व्यापाऱ्यांना ठाऊक असतो. दोन वह्या दोन हातांनी लिहिल्या की त्या केव्हातरी भिन्न बोलू लागतात, आणि खरी कोणती हे ठरविण्यात वेळ जातो. भाषाशास्त्रज्ञाला ह्यात एकाच आशयाची दोन स्वतंत्र भाषांतरे दिसतील. दोहोंत अर्थ तंतोतंत एकच राहील अशी अपेक्षा कोणी अनुभवी मनुष्य करीत नाही.

क्रेप्स यांनी २०१४ साली ह्यावर आक्षेप घेऊन 'काप्पा' नावाने ओळखली जाणारी रचना सुचविली. कीर्द एकच ठेवा, हिशेबाची रीतही एकच ठेवा. रीत बदलली तर कीर्द आरंभापासून पुन्हा वाचून नवी खतावणी तयार करा आणि जुनी टाकून द्या. जळालेल्या खतावणीविषयी वर जे सांगितले तेच हे. अर्थात ह्याला एक अट आहे. आरंभापासूनची कीर्द शिल्लक असली पाहिजे.

७. उपसंहार

आणि येथेच प्रस्तुत विषय संगणकाच्या वर्गातून इतिहासाच्या वर्गात येतो. काफ्कामध्ये कोणी वेगळी आज्ञा दिली नाही तर नोंदी एकशे अडुसष्ट तास, म्हणजे सात दिवस राखल्या जातात; त्यानंतर त्या पुसल्या जातात. दुसरी सोय आटविण्याची आहे. तीत प्रत्येक खात्याची केवळ शेवटची नोंद उरते, म्हणजे कीर्दीची पुन्हा खतावणीच होते. जागेच्या व खर्चाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. आज रेल्वेच्या पुष्कळ इंजिनांवर बसविलेली यंत्रे दर तीस सेकंदांनी आपले ठिकाण कळवितात. स्टेशनमास्तराच्या शाईने ह्या वेगाची बरोबरी होणे शक्य नाही, आणि एवढ्या नोंदी कायमच्या ठेवाव्यात असेही कोणी म्हणणार नाही. शिवाय व्यक्तींविषयीची माहिती प्रयोजन संपताच नष्ट व्हावी हा आग्रह रास्त आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने तो मान्यही केला आहे.

तथापि काय राखावयाचे व काय पुसावयाचे हा निर्णय जाणूनबुजून घेतलेला असावा. तो यंत्राबरोबर आलेल्या सात दिवसांच्या नेमणुकीवर सोडलेला नसावा. सार्वजनिक अभिलेखांसाठी १९९३ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात कोणता कागद किती काळ ठेवावा हे ठरविण्याचे कर्तव्य कार्यालयांवर टाकलेले आहे. प्रवाहातील नोंद हाही अभिलेख आहे, हे मात्र अजून आपल्या अंगवळणी पडलेले नाही. एखाद्या गावच्या धानखरेदीचा वर्षअखेरचा आकडा भावी अभ्यासकाला मिळेल, पण कोणत्या आठवड्यात खरेदी थांबली, कोणाचे चुकारे अडले, कोणती नोंद मागाहून दुरुस्त झाली, हे विचारावयास गेल्यास त्याच्या हाती कोरी पाटी येईल.

पेशव्यांच्या कारकुनांनी रोजकीर्द लिहिली ती आपल्यासाठी नव्हे. दुसऱ्या दिवशीचा कारभार चालावा म्हणून लिहिली. ती टिकली म्हणून दोनशे वर्षांनी आपण त्यांच्या राज्याविषयी काही खात्रीने बोलू शकतो. आजच्या कीर्दी अधिक वेगवान, अधिक विस्तृत आणि अधिक बिनचूक आहेत. त्यांचे आयुष्य ठरविताना एखादा इतिहासाचा अभ्यासक जवळ बसलेला असावा, एवढीच ह्या लेखाची सूचना आहे. विभागातील विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी विषय शोधताना आपल्या जिल्ह्यातील ह्या वह्यांकडे, शाईच्या आणि यंत्रातल्याही, पाहिल्यास त्यांना काम कमी पडणार नाही.